खुब्यातला तानपुरा

दस्तगीर शिकलगारांच्या डाव्या खुब्यात तानपुरा वाजतो आहे, असं यंत्राचं म्हणणं होतं.

डॉक्टर वसुधा आवटी यांनी आधी दोष दिला तो खुब्यावर चिकटवलेल्या पट्टीला. पट्टी बदलली. दुसऱ्या आठवड्यातही तेच. सकाळी नऊ ते एक, दुपारी तीन ते सहा, शुक्रवारची दुपार तेवढी सोडून, चाचांचा खुबा गुणगुणत होता.

"चाचा, माझ्याकडे कुरकुरणारे खुबे येतात," त्या म्हणाल्या. "कटकट वाजणारे येतात. एक तर जुन्या बैलगाडीसारखा करकरत आला होता. सुरात असलेला हा पहिलाच."

"कुठल्या सुरात?"

डॉक्टरांनी पडद्यावर पाहिलं. "ते मला कळत नाही. सेकंदाला एकशे अडतीस कंपनं दिसतात."

"काळी एक," चाचा म्हणाले. "तो सोलापूरच्या बुवांचा तानपुरा. परवाच पाठवला." आणि आपण काहीतरी जास्तच बोलून गेलो, अशा चेहऱ्यानं त्यांनी काठीची मूठ चोळायला सुरुवात केली.

चाचांचं वय त्रेसष्ट. मिरजेत सतारी-तानपुरे करणाऱ्यांच्या गल्लीत त्यांची सहावी पिढी. भोपळा चिरणं, दांडी बसवणं, खुंट्या घासणं ही कामं गल्लीत पुष्कळांना येत. पण तानपुऱ्याची जवारी काढावी ती दस्तगीरचाचांनी, असं गाणारी माणसं म्हणत. भोपळ्यावरच्या तबलीवर, म्हणजे लाकडी झाकणावर, हाडाची एक छोटी घोडी असते, तारा तिच्या पाठीवरून जातात. ती पाठ कानसेनं इतकी अलगद उतरती करायची, की तार तिला टेकतेही आणि टेकतही नाही. मग एका तारेतून एकाच वेळी दहा-बारा स्वर झरू लागतात. हीच जवारी. कानस एक हात जास्त फिरली की घोडी वाया.

"मांडी घालून बसता ना? आणि भोपळा?"

चाचांनी डाव्या खुब्यावर हात ठेवला. "इथं. टेकवून. आमचे अब्बाही असेच बसायचे."

खुबा म्हटला की माणसं कुल्ल्यावर हात ठेवतात. सांधा तिथं नसतोच. तो असतो खोल आत, जांघेच्या मागे: कंबरेच्या हाडात एक वाटी, आणि त्या वाटीत मांडीच्या हाडाचा गोळा. त्याचं दुखणंही त्यामुळे पत्ता चुकतं. जांघेत उठतं, मांडीतून उतरतं आणि पुष्कळदा गुडघ्यात जाऊन बसतं. चाचांनी अख्खं वर्ष गुडघ्याला तेल चोळलं होतं. गुडघा बिचारा निर्दोष होता.

गोळा आणि वाटी यांच्यावर कूर्चेचा गुळगुळीत लेप असतो. कूर्चेला नस नाही, ती मुकाट झिजते. ओरडतं ते तिच्याभोवतीचं पिशवीसारखं वेष्टण आणि खालचं हाड. आधीच्या काळी डॉक्टर फोटो काढून झीज मोजत, पण फोटोचा आणि दुखण्याचा मेळ बसत नसे. फोटोत पार गेलेला खुबा घेऊन कुणी डोंगर चढे, आणि ज्याचा फोटो बरा तो अंथरुणाला खिळे. मग ‘कानोसा’ आली. दोन बोटं रुंदीची ही पट्टी खुब्यावर चिकटवली की ती सांध्याचा बारीकसारीक आवाज टिपते, आणि त्याच वेळी कोणत्या नसेच्या कोणत्या फांदीतून काय वर चाललंय, तेही. कुठं दुखतं हे माणसाला नीट सांगता येत नाही, पट्टीला येतं.

चाचांच्या पट्टीनं दोन गोष्टी सांगितल्या होत्या. कूर्चा निम्मी उरली आहे, म्हणजे गोळा बदलण्याची वेळ आठ-दहा वर्षं तरी लांब. आणि दुसरी ही, गुणगुणण्याची. ती डॉक्टरांनी जरा वेगळ्या पद्धतीनं तपासली. चाचांच्या कानांवर यंत्र लावलं, स्वर ऐकवले. मग डोळे मिटायला सांगून खुब्यावर एक थरथरणारी कांडी टेकवली, आणि थरथर बदलली की हात वर करा म्हणाल्या. केसाएवढा फरक झाला तरी चाचांचा हात वर जाई. कानांच्या वेळी मात्र बराच वेळ खालीच राहिला होता.

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. "चाचा, उंच स्वर तुम्हाला कानांनी ऐकू येत नाहीत. किती वर्षं झाली?"

चाचा खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर व्हरांड्यात त्यांची मुलगी जुबेदा फोनवर कुणाला तरी भोपळ्याचा घेर समजावून सांगत होती.

"सहा," ते म्हणाले. "सात असतील."

"आणि जवारी?"

"येते की. खुब्यातून येते. आधी नुसता खर्ज यायचा, मग पंचम यायला लागला. काम अडलं नाही कधी." मग व्हरांड्याकडे बघून म्हणाले, "तिला सांगू नका."

"रिपोर्ट तुमचा आहे. सांगायचं तर तुम्ही सांगाल."

मग त्यांनी उपाय सांगितला. दुखणं वर नेणाऱ्या नसांच्या फांद्या निजवता येतात. न कापता, न टाका घालता, ध्वनिलहरी बाहेरून एका बिंदूवर एकवटून. आधी तीन दिवसांची चाचणी: सुईनं औषध सोडायचं, फांद्या तात्पुरत्या निजतील. पटलं तर चौथ्या दिवशी कायमच्या निजवायच्या. त्यानंतर मांडीच्या स्नायूंचा व्यायाम, आणि भोपळा घेऊन जमिनीवर बसणं बंद, कारण दुखणं हा पहारेकरीही असतो. तो निजला की राखण आपण करायची.

"पण तुमच्या बाबतीत एक अडचण आहे," डॉक्टर म्हणाल्या. "दुखणं आणि तानपुरा एकाच फांद्यांतून वर जातात."

---

दुखण्याला घरात आता स्वतःची जागा झाली होती. चाचा जमिनीवरून उठत ते उंटासारखे, आधी मागचं अंग, मग पुढचं. मशिदीत दोन वर्षं शेवटच्या रांगेच्या टोकाला खुर्चीवर बसून नमाज. डाव्या पायात मोजा घालायचा तर पाय वर येईना. त्या पायाची नखं महिन्यातून दोनदा जुबेदा काढी, पाय मांडीवर घेऊन, भोपळ्याची कड घासावी तशी.

"हलू नका. बोट जाईल."

"जाऊ दे. वाजवायला थोडंच लागतं पायाचं बोट."

"चालायला लागतं."

जुबेदा पस्तिशीची. नवरा दुबईला होता तो तिकडचाच झाला, तेव्हापासून ती माहेरीच. दुकानात ती भोपळे भिजवी, चिरी, दांडीवर नक्षी काढी, पॉलिश करी, परदेशची गिऱ्हाइकं सांभाळी. जवारी मात्र करत नसे. चार वर्षांपूर्वी एकदा केली होती. महिनाभर राबून एक घोडी घासली, तानपुऱ्यावर बसवली, अब्बांच्या पुढ्यात ठेवली. चाचांनी भोपळा खुब्याला लावला, चारही तारा दोनदा छेडल्या आणि म्हणाले, "पोकळ आहे. अंगात उतरत नाही. कच्ची."

"पुन्हा करू?"

"कान असतो बेटी किंवा नसतो. तुझा हात चांगला आहे. नक्षी कर."

तिनं ती घोडी काढली, पत्र्याच्या डब्यात टाकली आणि त्यानंतर कानस हातात घेतली नाही.

गल्लीत त्या सुमारास एक नवल सुरू झालं होतं. दस्तगीरचाचांच्या तानपुऱ्यांचा आवाज दाट, गोलसर, वरचे स्वर मागे ठेवणारा येऊ लागला. लोक म्हणाले, चाचांनी नवी वाट काढली. तिला ‘गोल जवारी’ नाव पडलं, दोन कारागीर तिची नक्कल करू लागले. एकट्या हेर्लेकरबाईंनी, कोल्हापूरच्या सत्तरीतल्या गायिका त्या, गेल्या साली जरा भीतभीत विचारलं होतं, "थोडी खुली झाली तर?" चाचांनी तोंड फिरवलं होतं. त्याच बाईंचा तानपुरा आता कोपऱ्यात गवसणी घालून उभा होता. शनिवारी त्या न्यायला येणार होत्या.

---

बुधवारी सुई दिली. डॉक्टर म्हणाल्या, "पाच मिनिटांत निजेल."

चाचांनी खुब्यावर हात ठेवला आणि पाळण्याला म्हणावं तसं पुटपुटले,

"नीज रे माझ्या हाडा, चाललास किती दूर,
तुझ्या रे उशापाशी ठेवीन माझा सूर."

"हे कुणाचं?"

"कुणाचं नाही. आत्ताच आलं तोंडाला."

गुरुवारी पहाटे ते उठले आणि काठी घ्यायची विसरले. दारापर्यंत गेल्यावर आठवण झाली. परत आले, काठीकडे पाहिलं, तिला तिथंच राहू दिलं. मशिदीत खुर्ची ओलांडून ते रांगेत उभे राहिले. कपाळ जमिनीला लागलं तेव्हा चटईचा वास आला, दोन वर्षांनी. उन्हात वाळलेल्या गवताचा. तिथंच थोडं जास्त थांबावंसं वाटलं. शेजारच्यानं नंतर विचारलं, "तबियत बरी आहे ना?" चाचा म्हणाले, "फार."

घरी येऊन त्यांनी डावा मोजा स्वतः घातला. जुबेदा चहा घेऊन आली आणि नुसती बघत उभी राहिली.

"काय बघतेस? मोजा आहे."

"उलटा घातलाय."

दोघंही हसले. ती सकाळ तशी होती.

नऊ वाजता ते हेर्लेकरबाईंचा तानपुरा घेऊन बसले. गेल्या साली त्यांनीच काढलेली जवारी वर्षभराच्या वापरानं दबली होती; चार हात कानस फिरवून उठवायची, एवढंच काम. भोपळा खुब्याला लावला. तार छेडली.

काही आलं नाही.

कातडीला थरथर कळली, ढोबळ, अंगणातून मोटार जावी तशी. पण आत, हाडाच्या मुळाशी, जिथं रोज पंचम येऊन उभा राहायचा, तिथं दार बंद होतं. कानांनी खर्जाचा घुमारा ऐकला, भिंतीपलीकडून ऐकावा तसा. त्यांनी कानस उचलली, दोन हात फिरवले, पुन्हा छेडली. सुधारलं की बिघडलं? सवयीनं तिसरा हात मारायला गेले आणि थांबले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या हाताला पुढचं ठाऊक नव्हतं.

जुबेदा पलीकडे दांडीवर पानं कोरत होती. तिनं मान वर केली. "काय झालं?"

"काही नाही. उजेड कमी आहे."

खोलीत लख्ख ऊन होतं.

दुपारी ती पोस्टात गेल्यावर चाचांना एक युक्ती सुचली. ती अशा माणसालाच सुचते, ज्याला आयुष्यभर हाड आणि भोपळा यांत फारसा भेद वाटला नाही. खुब्यावर कानोसा होतीच. ती कशासाठी असते? आतला आवाज टिपायला. त्यांनी ती सोडवली आणि हेर्लेकरबाईंच्या तानपुऱ्यावर, घोडीच्या शेजारी, चिकटवली. फोनवर चित्र उघडलं. तार छेडली.

पडद्यावर खालून वर रेघा उमटल्या. पहिली ठळक, दुसरी ठळक, तिसरी बरी, चौथी फिकट. त्यावर काळोख. रेघ म्हणजे एकेक स्वर, एवढं दोन आठवडे स्वतःच्या खुब्याची चित्रं बघून चाचांना कळत होतं. त्यांना वाटलं, दबलीय म्हणून असं. मागच्या महिन्यात स्वतः लावलेला दुसरा तानपुरा काढला. चार रेघा आणि काळोख. तिसरा काढला. चार रेघा.

मग ते फळीपाशी गेले आणि पत्र्याचा डबा काढला. त्यात टाकून दिलेल्या घोड्या होत्या, चाळीसएक. एकीच्या पोटाला पेन्सिलनं बारीक चंद्रकोर, जुबेदाची खूण, आणि तारीख. चार वर्षांपूर्वीची. बाईंच्या तानपुऱ्याच्या तारा सैल केल्या, ती घोडी बसवली, तारा चढवल्या, जवारी खुलावी म्हणून घोडीवर तारांखाली सुताचे दोरे सरकवले. सुराचा अंदाज फोनवरून घेतला. छेडली.

रेघा चढत गेल्या. चौथी, पाचवी, सातवी. नववी बारीक, पण स्वच्छ. अकरावी, बारावी. एखाद्या झाडाला खालून वर पालवी फुटत जावी तसा पडदा भरला, आणि तार विरताना रेघा वरून खाली एकेक करून विझल्या.

चाचांनी पुन्हा छेडली. पुन्हा. खोलीत काय वाजतंय ते त्यांना ऐकू येत नव्हतं. दिसत होतं.

तेवढ्यात फोन वाजला. डॉक्टर आवटी.

"चाचा, हा खुबा कुणाचा?"

"का?"

"अर्ध्या तासात चार वेळा बदललाय. आत्ताच्या खुब्याला मी सलाम करते, पण तो माणसाचा नाही."

"तो माझ्या मुलीचा," चाचा म्हणाले. मग त्यांनी जे होतं ते सांगितलं.

"शनिवारी या," डॉक्टर म्हणाल्या. "हे चित्र मी पुसू?"

"नक्को. राहू दे."

---

शुक्रवारी जुम्म्याला ते दुसऱ्या रांगेत बसले. मांडी घालून, आरामात. समोर चालू होतं ते अर्धंमुर्धं ऐकू येत होतं आणि आत दुसरंच चाललं होतं.

काम तर आता सुटणारच. भोपळा घेऊन बसायचं नाही, डॉक्टरांनीच सांगितलंय. घरी जाऊन म्हणायचं, बेटी, खुबा गेला, आता तू बघ. लोक म्हणतील, चाचांनी वेळेवर मुलीच्या हाती दिलं. गोल जवारीचं नाव राहील. डब्यातली घोडी डब्यात राहील. कुणाचं काही बिघडत नाही. जुबेदालाही कानस मिळते.

मिळते, पण कशी? कान नसलेल्या पोरीला, नाइलाजानं दिलेली.

सगळ्यांबरोबर ते वाकले, कपाळ टेकलं, उठले. खुब्यानं एका शब्दानं तक्रार केली नाही. दुखत असतं तर बरं झालं असतं, असं त्यांच्या मनात आलं; दुखण्याच्या आडोशाला माणसाला पुष्कळ काही टाळता येतं.

घरी आल्यावर त्यांनी जेवणाआधीच तानपुरा मधोमध ठेवला. "इकडं बस."

"जेवण निवतंय."

"निवू दे. ही छेड."

जुबेदानं हात पुसले, बसली, चारही तारा छेडल्या. हात तिथंच थांबला. पुन्हा छेडल्या. तिनं वाकून घोडीकडे पाहिलं, मग नखानं तिची कड चाचपली. आपल्या हातानं घासलेली वस्तू डोळे मिटूनही ओळखू येते.

"ही माझी."

"होय."

"ही तर कच्ची होती."

"कच्ची नव्हती. मला ऐकू आली नव्हती." चाचांनी एका दमात सांगितलं. "कान सहा-सात वर्षांपूर्वीच गेले. वरचे स्वर. मी खुब्यानं ऐकत होतो. खुब्याला खालचं कळतं, वरचं नाही. तुझ्या घोडीत वरचं होतं, ते मला पोकळ लागलं."

जुबेदानं तारांवर हात ठेवून आवाज बंद केला.

"डॉक्टरांनी सांगायला लावलं?"

"त्या बोलल्या नसत्या कुणाला."

"म्हणजे तुम्ही नसतं सांगितलं तरी चाललं असतं."

"चाललं असतं."

बाहेर कुणीतरी भोपळे टिचकावून बघत होतं, टकटक, टकटक. जुबेदा बोलली तेव्हा आवाज चढला नाही.

"लोक म्हणायचे गोल जवारी, गोल जवारी. मला ते तानपुरे मुके वाटायचे. घोंगडीत गुंडाळल्यासारखे. मग म्हणायची, सगळ्यांना आवडतं, मला एकटीला आवडत नाही, म्हणजे माझाच कान वेडा. अब्बा, मी गाणं ऐकायचं सोडलं. मैफलीला जात नाही चार वर्षं. तुम्हाला वाटायचं, कामामुळं."

"मला वाटायचं, कामामुळं."

"नक्षी कर म्हणालात."

"म्हणालो."

"ऐकू येत नाही एवढं एक सांगायचं होतं. मी सांगितलं असतं की तुम्हाला, काय वाजतंय ते."

ती उठली, चाचांचं ताट वाढलं, स्वतःचं वाढलं नाही, आणि वर गच्चीत निघून गेली. बराच वेळ आली नाही. चाचांनी भात तसाच ठेवला. मग नखं काढायची कात्री घेऊन बसले. डावा पाय आता मांडीवर येत होता. चार बोटांची काढली. करंगळीचं काही धड जमेना.

---

शनिवारी सकाळी जुबेदा खाली आली ती पदर खोचून. काही न बोलता कानस घेतली, बाईंच्या तानपुऱ्यापाशी बसली आणि दोन तास घोडीवर काम केलं. चार वर्षांत हाड वाळतं, थोडं वाकतं. ते तिनं काढलं. चाचा स्टुलावर बसून होते. एकदा सवयीनं म्हणाले, "पंचमाला जरा..." ती म्हणाली, "ऐकू येतंय?"

हेर्लेकरबाई अकराला आल्या. विजेवर चालणाऱ्या, चालक नसलेल्या रिक्षानं त्यांना दोनदा गल्लीच्या भलत्याच टोकाला सोडलं होतं, त्यामुळे आधी रिक्षाला नावं ठेवून झाली. मग बसल्या, तानपुरा घेतला, छेडला. छेडतच राहिल्या. त्यांनी षड्ज लावला नाही, काही गायल्या नाहीत, नुसत्या छेडत राहिल्या.

"ही कुणी लावली?"

"हिनं," चाचा म्हणाले. "आणि चार वर्षांपूर्वीच लावली होती. मला कळली नाही. माझे कान गेलेत, बाई."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग जुबेदाकडे. "गेल्या साली मी म्हणाले, थोडी खुली करा, तर यांनी मला चहासुद्धा विचारला नव्हता."

"टाकते चहा," जुबेदा म्हणाली.

"चहा राहू दे गं. आधी माझ्या धाकट्या तानपुऱ्याचं बोल. तो कधी आणू?"

---

दुपारी दवाखान्यात डॉक्टरांनी पडद्यावर खुब्याच्या नसा दाखवल्या. मुळाकडून निघून पसरत गेलेल्या, पाच मोठ्या फांद्या.

"सगळ्या निजवल्या तर दुखणं जवळजवळ संपेल. ही बाहेरची एक आहे. तुमचा तानपुरा मुख्यतः हिच्यातून येतो. दुखण्याचाही पाव हिस्सा हिच्यातूनच. हिला जागी ठेवता येईल, पण मी सुचवणार नाही. कामासाठी आता तुम्हाला तिची गरज नाही."

"कामासाठी नाही," चाचा म्हणाले.

डॉक्टरांनी पडद्यावरून नजर वळवली.

"कान गेले तसं गाण्यातलं एवढंच उरलं माझ्यापाशी. खर्ज आणि थोडा पंचम. ती लावेल, मी टेकून बसेन. स्टुलावर बसेन, जमिनीवर नाही, शब्द देतो. पारख करायची नाही आता. ऐकायचं फक्त."

"जिना चढताना दुखेल. थंडीत दुखेल. आणि एकदा ठरवलं की पुन्हा बदलायला सहा महिने थांबावं लागेल."

"दुखू दे तेवढं."

डॉक्टरांनी जुबेदाकडे पाहिलं. ती दाराशी उभी होती. कालपासून अब्बांशी ती कामापुरतंच बोलत होती.

"ते ठरवतील," जुबेदा म्हणाली. "खुबा त्यांचा आहे." मग म्हणाली, "कानांच्या यंत्राचंही बघा. वरचे स्वर नाही आले तरी निदान मी हाक मारलेली ऐकू येऊ दे."

चार फांद्या निजल्या, एक जागी राहिली. वीस मिनिटांचं काम. ध्वनीनंच केलं, पण त्या ध्वनीचा सूर कुणालाच ऐकू येणारा नव्हता.

पंधरा दिवसांनी हेर्लेकरबाईंचा धाकटा तानपुरा आला. चाचा आता काठीशिवाय मशिदीत जात, रांगेत बसत. सकाळी भिंतीला धरून पाय मागे-पुढे करत, मोजत. कानामागे एक मण्याएवढं यंत्र आलं होतं, त्यातून माणसांचं बोलणं बरं येई, तारांचं वरचं काही नाही. जिन्याच्या चौथ्या पायरीवर जांघेत ओळखीची कळ उठे. डाव्या पायाची करंगळी अजून पूर्ण हाताला येत नव्हती. ती जुबेदाकडेच राहिली. पाय मांडीवर घेतला की ती दुसरं काही बोलत नसे, पण पूर्वीसारखं "हलू नका" म्हणायला लागली होती.

त्या सकाळी ती घोडी घासत बसली होती. बाकावर तानपुरा आडवा, शेजारी स्टूल. चाचा आले, स्टुलावर बसले आणि डावा खुबा भोपळ्याला टेकवला. तिनं तार छेडली. खोल आतून, उरलेल्या एका वाटेनं, खर्ज आला. त्याच्यामागून, दमत दमत चढ चढावा तसा, पंचम. बरोबर थोडी कळही.

चाचांना तो भरलेला वाटला. पुरा वाटला. त्यांनी मुलीच्या तोंडाकडे पाहिलं.

"लागली?"

जुबेदा मान कलती करून तार पार विरेपर्यंत ऐकत राहिली. चाचांच्या खुब्यातला आवाज केव्हाच थांबला होता. तिला अजून काहीतरी येत होतं.

"थांबा," ती म्हणाली. "कच्ची आहे अजून."

तिनं कानस उचलली. चाचा थांबले.